पातळी

एकतीस वर्षं मी आयर्विन पुलाखालची पट्टी वाचली.
तारीख, वेळ, फूट, इंच, सही.
रात्री तीनला बॅटरीच्या उजेडात
आकडा दोनदा बघायचा, मगच बोलायचा,
ही खोड अंगात मुरलेली.

आता मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
राजमतीच्या रक्तातली पातळी वाचतात.
मूत्रपिंड तिच्या आईचं.
परकं म्हणून शरीरानं ते हाकलू नये
यासाठी गोळी, सकाळी नऊ, रात्री नऊ.
कमी पडली तर शरीर उठून बसतं.
जास्त झाली तर तीच गोळी
त्याच मूत्रपिंडाच्या मुळावर येते.
मधली वाट एवढीशी, आठ ते दहा,
आणि माप असलं बारीक
की फुटा-इंचांत वाढलेल्या माणसानं
नुसती मान हलवावी.

डॉक्टर फरहीन मुजावर पडद्यावर रेघ दाखवतात.
चढते, उतरते, पुन्हा चढते.
"काका, गोळी आत येते, शरीर ती बाहेर काढतं.
येण्याजाण्याच्या मधे उरतं, ती पातळी."
म्हटलं, बाई, हे मला नका शिकवू.
कोयनेनं सोडलं किती,
अलमट्टीकडं गेलं किती,
मधल्यामधे सांगली.
त्या हसल्या. मग खुर्ची माझ्याकडं वळवून
खरं गणित काढलं.

"राजमतीला हे गणित अजून ओळखत नाही.
ते ओळखतं तिच्यासारख्या तीनशे जणांना,
त्यांच्यावरून तिचा एक अंदाज धरतं.
तिचा नमुना येतो, अंदाज थोडा सरकतो.
दुसरा येतो, आणखी सरकतो.
एकेक नळीसरशी ती
त्या तीनशेंतून बाहेर येते."

मला बाळंतखोलीबाहेरचा मी आठवलो.
मुलगी झाली एवढंच कळलं होतं.
कोण झाली ते कळायला
पुढची वर्षं लागली.

तिसऱ्या आठवड्यात रेघ म्हणाली नऊ,
लॅब म्हणाली सतरा.
राजमतीच्या हातातल्या पेल्यात पाणी थरथरत होतं.
शिकाऊ डॉक्टर म्हणाला, डोस निम्मा करू, गणित गेलं खड्ड्यात.
फरहीनबाई म्हणाल्या, कमी तर करूच.
पण एवढा फरक का, ते आधी बघू.
नमुना गोळीनंतर घेतला का? नाही, आठ चाळीसला, आधीच.
गोळी दोनदा गेली का? पाकिटं मोजली. नाही.

मी कोपऱ्यात होतो. माझ्या डोळ्यांसमोर एक जुनी रात्र:
वरून एक थेंब जादा सोडला नव्हता
आणि पट्टी चढत होती.
साहेब फोनवर कोयनेला शिव्या घालत होते.
दोष कोयनेचा नव्हता. खाली हरिपूरला
वारणा फुगून आडवी आली होती,
कृष्णेला जायला वाट नव्हती.

"बाई," म्हटलं, "येणं वाढलं नसेल.
जाणं तुंबलं असेल."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या.
मग राजमतीच्या पलंगावर बसून हळूच विचारलं,
नवं काय खाल्लंस?
नवं काही नाही. पद्मलमावशी येते दुपारी.
पपनस सोलून देते, तिखटमीठ लावून.
किती दिवस?
आठ-दहा.

पद्मल तिथंच रडायला लागली.
फळच की हो, म्हणाली, फळानं काय होतं.
बाहेर जाणारी वाट आता गणितात अरुंद केली.
रेघ उचलली,
सतराच्या ठिपक्यापाशी जाऊन टेकली.

एक डोस चुकवला, पुढचे कमी केले.
पाचव्या दिवशी रेघेचा अंदाज नऊ पूर्णांक सहा,
रक्तात निघाले नऊ पूर्णांक एक.
अर्ध्याची चूक. माझ्या खात्यात
एवढ्या चुकीला पेढे वाटले असते.

घरी खात्याची जुनी वही आहे, निम्मी कोरी.
तिच्यातच लिहितो. तारीख, वेळ, पातळी, सही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
नदीच्या दिवसांत तिथं बहुतेक निरंक असायचं.
आता ओळी समासात जातात:

लाईट नव्हती, रात्रीची गोळी सव्वानऊला.
ताक प्यायली, एक वाटी.
पेला भरून धरायला लावला. पाणी हललं नाही.
दुपारी आईशी भांडली,
मोठ्यानं.